परीट, धोबी आणि पिवळ्या पोटाचा ‘करडा’

नागपूरच्या एका वाचकानं विचारलंय: फुटाळा तलावाच्या काठी हिवाळ्यात एक पक्षी दिसला, शेपटी सारखी वर-खाली. सोबतचा पक्षिमित्र म्हणाला, ‘करडा धोबी’. पण पोट तर पिवळंधम्मक! आणि मराठीत धोबी म्हणावं की परीट?

दोन्ही चालतं. धोबी हा शब्द आता आपलाच झालाय. तरी मला परीट जास्त आवडतो. ‘परीटघडी’मुळे तो शब्द अजून जिवंत आहे. शिवाय विदर्भात कपडे धुणाऱ्याला वरठी म्हणायची पद्धत, त्यामुळे इथं तरी परीट म्हटल्यावर पक्षी डोळ्यांपुढं यायला हरकत नाही. फक्त ‘परीटचं पोट’ लिहू नका. माणूस-माणसाचं, बेडूक-बेडकाचं, तसं परीट-परटाचं.

पाण्याकाठच्या दगडावर उभा राहून तो शेपटी अशी आपटतो की धुणंच चाललंय. स्पेनमध्येही त्याला ‘लावांदेरा’, म्हणजे धोबीण, म्हणतात. शास्त्रीय नावात मात्र गंमत आहे. ‘मोटॅसिला’ हे त्याचं जुनं लॅटिन नाव. सारखी शेपटी हलवतो म्हणून ते पडलं, असं रोमन पंडित वॅरोनं सांगितलं. पुढच्यांनी त्यावरून ‘सिला’ म्हणजेच शेपटी असं धरलं! लॅटिनमध्ये असा शब्दच नाही. तरी पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाला 1758 साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं दिलेल्या ‘अल्बिसिला’ नावात ती चूक कायमची बसली.

आता करड्याचं. हे नाव पाठीवरून आलंय, पोटावरून नाही. पाठ राखेसारखी करडी आणि शेपटी चांगली लांब असेल तर तो करडा परीट. पाठ हिरवट आणि शेपटी त्या मानानं आखूड असेल तर पिवळा. पोट दोघांचंही पिवळं, म्हणून पोटाकडे बघून नाव ठरवायला गेलं की फसगत होते. हे दोघेही हिवाळी पाहुणे. भर मे महिन्यात काठावर काळ्या पाठीचा, पांढऱ्या भुवईचा परीट दिसला तर तो मात्र इथलाच, बारमाही: सुमारे 21 सेंटिमीटर लांबीचा, सगळ्या परटांत मोठा.

रानात राहणारा एक परीट शेपटी वर-खाली न करता डावी-उजवीकडे झुलवतो. त्याला धुणं धुणारा म्हणायला माझी जीभ जरा अडखळते.