मका चुन्यात शिजव

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. रविवारी मैत्रिणींना घेऊन मेक्सिकन ब्रंचला गेलीस आणि ताटं अर्धी टाकून सगळ्या उठलात. टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी, हातात घेताच मधोमध तुटला, चिलाकिलेसचा, म्हणजे सॉसमध्ये घोळलेल्या त्याच पोळीच्या तळलेल्या तुकड्यांचा, लगदा झाला होता, वरचं चीज थिजून गेलेलं. वाईट वाटलं. पण त्यापुढे ‘मेक्सिकन नागपूरला झेपत नाही, हॉटेलसाठी धरमपेठेतल्या जागेचा विचार सोडून देते’ असं लिहिलंस, तिथे मला राग आला. कुठल्या पायरीवर फसलं हे न बघताच निकाल देऊन मोकळी झालीस?

तो मका चुन्यात शिजलाच नव्हता. मूळ तिथे आहे.

किराण्यातलं मक्याचं पीठ कालवलं की ते विरी गेलेल्या ज्वारीच्या पिठासारखं वागतं. थापताना कडा चिरतात, भाजल्यावर घडी घालताच मोडतं. मग त्यात मैदा ढकलतात आणि मक्याची चवच जाते. सोनोराकडे, मेक्सिकोच्या उत्तरेत, गव्हाचा तोर्तिया, म्हणजे तिकडची पातळ पोळी, अस्सल आहे, पण तो गव्हाचा म्हणून करतात, मक्याच्या नावाखाली नाही. चुन्याच्या पाण्यात दाण्याची साल सुटते, पिठाला चिकटा येतो, आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, अंगी लागतं. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात. नावातच नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतला राखेचा शब्द आहे, कारण चुन्याऐवजी राखही चालते.

आता माप लिहून घे. वाळलेला पांढरा मका 1 किलो, इतवारी बाजारात हाताने निवडून. स्वीट कॉर्न नको, लाह्यांचा मकाही नको. पाणी 3 लिटर. खाण्याचा विझवलेला चुना, कोरडी पूड, 10 ग्रॅम. पानाच्या डबीतल्या ओल्या चुन्यात पाणी असतं, त्याचं वजन धरता येत नाही. भिंतीला लावायच्या चुन्याला तर हातच लावू नकोस. भांडं स्टीलचं घे, चुना ॲल्युमिनियम खातो. उकळी आली की आच मंद कर, 30 ते 45 मिनिटं. दाणा चिमटीत चोळल्यावर साल निघावी, पण दातांखाली मधोमध थोडा कच्चा लागावा. पूर्ण मऊ झाला की पीठ हाताला चिकटतं आणि तिथून परतीची वाट नाही. झाकून 8 ते 10 तास त्याच पाण्यात राहू दे, मग ते पाणी फेक आणि दोन-तीनदा चोळून धू. थोडी साल राहिली तर बरंच, पीठ बांधून येतं.

मिक्सरमध्ये वाटायला पाणी फार लागतं. इडलीचा दगडी ग्राइंडर घे आणि पाणी चमच्याने घाल. घरी पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच. तिकडचा मेताते म्हणजे आपला पाटाच, फक्त त्याला तीन पाय असतात. मे महिन्यात वाटलेलं पीठ ओट्यावर ठेवू नकोस, बघता बघता आंबतं.

30 ग्रॅमची गोळी, दोन प्लास्टिकच्या मधे दाबून साधारण 14-15 सेंटिमीटर व्हायला हवी. कडा चिरल्या तर पाण्याचा हात लाव, प्लास्टिकला चिकटली तर पीठ सैल झालंय. तवा चांगला तापलेला. पहिली बाजू 15-20 सेकंद, दुसरी मिनिटभर, पुन्हा उलट, मग फुगते. आणि फडक्यात गुंडाळून 10 मिनिटं ठेव. ही पायरी सगळे गाळतात, तुझ्या मैत्रिणींचा टाको तिथेही तुटला असणार.

चिलाकिलेसचं सांगते. तो सकाळचाच पदार्थ, उरलेल्या तोर्तियांचा. एक दिवसाचे शिळे तोर्तिया त्रिकोणी कापून बुडबुडे थांबेपर्यंत तळायचे. टोमॅटो, लसूण, कांदा तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे. भिवापूरची वाळलेली मिरची मात्र काही सेकंदच, करपली की कडू होते. सगळं वाटून सॉस उकळायचा, ताट समोर असताना तुकडे त्यात टाकायचे, मिनिटभरात वाढायचं. नागपुरात पोह्यांवर तर्री कधी ओततात? गिऱ्हाईक ठेल्यासमोर उभं असताना. तासभर आधी ओतलेले तर्री-पोहे तू खाशील का? बुफेच्या झाकणाखाली चिलाकिलेस ठेवणं म्हणजे तेच. तुझ्या जागेत बुफे मांडूच नकोस. वर चीजऐवजी मीठ लावून कुस्करलेलं कोरडं पनीर चालेल, तिकडच्या ताज्या चीजला ते जवळचं.

हे सगळं केलंस आणि मका चुन्यात शिजवला नाहीस, तर मात्र काहीच केलं नाहीस. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही असं म्हणत मीही कित्येक वर्षं मैदा मिसळला. त्याची खंत जात नाही. आज चुन्यावर अडून बसते तेव्हा लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. पाऊण तासाचा गॅस आणि एक रात्र, एवढंच लागतं, आणि तेवढंही न देणाऱ्याशी मी वाद घालत नाही. सावजीच्या मसाल्यासाठी सुकं खोबरं भाजत बसणाऱ्या गावाला कळत नाही म्हणे! खाणाऱ्याला ‘नायसिन’ ठाऊक नसेल, पण तुटलेली भाकरी त्याला कळते.

येत्या शनिवारी संध्याकाळी मका चढव. जागेचा करार तोवर ना सही कर, ना मोड. रविवारी सकाळी फोन कर, आणि तोर्तिया दुसऱ्यांदा उलटल्यावर फुगला का, तेवढं आधी सांग.

तुझी,
मावशी