मसुदा कुणाच्या हातचा?

सोलापूर, गड्डा यात्रेचे दिवस

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

भारतीय मानक ब्यूरोच्या, म्हणजे मालाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, समितीवर तुझं नाव गेल्याचं कळलं. आनंद झाला, थोडी धास्तीही वाटली.

तुला वाटत असेल, कंपनीवाले पाकीट पुढं करतील आणि तू बाणेदारपणे नाही म्हणशील. तसलं काही होत नाही गं. ती माणसं सज्जन असतात, आपल्यापेक्षा जाणकार असतात आणि कामाला एका पायावर तयार असतात. ‘पहिला मसुदा आम्हीच करून आणतो’ म्हणतात. बाकीच्यांना हायसं वाटतं. मसुद्याचं आपल्या चादरीसारखंच आहे. चादरीवर मोर उमटणार की नाही, हे जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी, कार्डं पंच होतानाच ठरतं. मागावरचा माणूस तुटलेले धागे जोडत बसतो.

मीही तसाच बसलोय. टॉवेल किती पाणी शोषतो, त्या चाचणीचा मसुदा समोर होता. यंत्राचं वर्णन इतकं नेमकं की एकाच कंपनीचं यंत्र त्यात बसावं. ‘किंवा तत्सम’ एवढे दोन शब्द सुचवायचे होते. जेवणाची वेळ झाली होती, गप्प बसलो. पुढं इथल्या लहान कारखानदारांना नमुने बाहेरगावी पाठवावे लागले.

२००७ सालचं ओओएक्सएमएलचं प्रकरण वाच. मायक्रोसॉफ्टच्या या फाइल-साच्याचा मसुदा ६,००० पानांचा, आणि आयएसओ या जागतिक मानक-संस्थेकडं आला जलदगती मार्गानं! स्वीडनमध्ये ऐन मतदानाच्या तोंडावर नव्या कंपन्या शुल्क भरून तिथल्या मानक-समितीत शिरल्या. भागीदार कंपन्यांना मार्केटिंगच्या मदतीचं आमिष दाखवणारी मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याची ईमेल उघड झाली, ती कंपनीनं मान्यही केली. स्वीडनचं मत रद्द झालं खरं, पण कारण दिलं ते एका सदस्याच्या दुबार मताचं. भारतानं विरोधात मत दिलं, २००८ मध्ये अपीलही केलं. साचा मंजूर झालाच. तरी जगभरातून ३,५०० वर हरकती आल्या होत्या, म्हणून मजकूर पुष्कळ बदलावा लागला.

म्हणून नुसता ‘विरोध’ नोंदवू नकोस. कलम क्रमांक लिही, खटकलेला शब्द लिही, त्याजागी काय हवं तेही लिही. पेटंट कुणाकुणाची आहेत ते बैठकीतच विचार आणि उत्तर इतिवृत्तात आलं का बघ. ‘स्वतंत्र तज्ज्ञ’ असतील तर त्यांचं मानधन कोण देतं, हेही विचार. जरा अवघडल्यासारखं होईल.

मसुदा आला की छापून घेऊन ये. रविवारी बसू. शेंगाचटणी नेण्यासाठी डबा आण.

तुझा,
काका