पॅराथिऑन मादी उंदराला जास्त का बाधतं?

तुम्ही विचारलंय, एकच कीटकनाशक दिलं तरी प्रयोगशाळेतल्या नर आणि मादी उंदरांत फरक का दिसतो, आणि त्यात हार्मोनचा हात असतो का. असतो, पण तो बहुतेक यकृतातून चालतो.

अमेरिकी विषशास्त्रज्ञ गेन्स यांनी १९६० साली छापलेले आकडे मी वर्गात हमखास फळ्यावर लिहिते. पॅराथिऑन तोंडावाटे दिलं तर निम्मे नर दगावायला किलोमागे १३ मिलिग्रॅम लागलं, माद्यांना ३.६ पुरलं. मिथाइल पॅराथिऑनला नेमकं उलटं: नर १४, मादी २४. म्हणजे मादी नाजूक म्हणून असं होतं, हे खरं नाही.

पॅराथिऑन मुळात तितकं जहाल नसतं. यकृत त्याचं पॅराऑक्सॉन करतं, आणि ते मज्जातंतूंमधलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतं. त्याच यकृतातली एन्झाइमं विषाची विल्हेवाटही लावतात. टेस्टोस्टेरॉन या नर-हार्मोनमुळे नराच्या यकृतात यातली बरीच कामं जोरात चालतात, आणि पॅराथिऑनच्या बाबतीत विल्हेवाट वरचढ ठरते. नराचे वृषण काढले की तो पॅराथिऑनला लवकर बळी पडतो. मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं की ती जास्त मात्रा सोसते. नुकत्याच दूध सुटलेल्या पिल्लांत नर-मादी फरक जवळपास नसतो, वयात येताना तो उघडा पडतो. वाढीचं हार्मोनही यात आहेच: नरात ते ठरावीक अंतरानं उसळतं, मादीत संथ झिरपत राहतं, आणि यकृत त्या तालावर एन्झाइमं बनवतं.

माणसाच्या यकृतात नर-मादी फरक एवढा ठळक नसतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका.

मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते, माहेर सांगोल्याकडचं, घरची डाळिंबाची बाग. आई बॅरलमध्ये काठीनं औषध कालवायची. धाकट्या भावाच्या वेळी दिवस भरत आले तरी कालवत होती. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे तोंडावाटे किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या आतच निम्मे प्राणी दगावतील असं विष. असे आकडे काढायच्या आजच्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठरवलेल्या चाचण्यांत सहसा माद्याच घेतात, कारण त्या थोड्या जास्त संवेदनशील निघतात. पण त्या गाभण नसलेल्या, एकदाही न व्यायलेल्या लागतात. गाभण माद्यांची तपासणी वेगळ्या चाचण्यांत होते, त्रिकोणाचा रंग मात्र त्यावरून ठरत नाही. आमच्याकडे औषध कालवणाऱ्या बाईला हे कुणी सांगत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.