आधी पत्ता, मग बाकीचं

चिरंजीवीस,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीत आखेनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, व्हिसा लागला. आता घरात बॅगेत काय भरायचं यावरच खल चालू असणार. बॅगेचं शेवटी सांगतो. तिथं चुकलं तर फार तर एखादी वस्तू विमानतळावर सोडावी लागेल. पत्त्यात चुकलं तर पहिलं सेमिस्टर कचेऱ्यांच्या रांगेत जाईल.

जर्मनीत एक कागद दुसऱ्या कागदाला बांधलेला असतो. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. कर-क्रमांक येतो तो तिच्यानंतर, आणि पुढं राहण्याचा परवानाही त्याच पत्त्यावर. नोंदीला नुसता भाडेकरार चालत नाही. घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो, ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. जीभ वळेपर्यंत कागदावर लिहून जवळ ठेव. खोली ठरवताना भाड्याआधी हेच विचार: नोंदीचा दाखला देणार का? “राहा, पण नोंद नको” म्हणणाऱ्याची खोली फुकट मिळाली तरी महागात पडते.

खोली कुणी पाहिलेली नाही, किल्लीचा पत्ता नाही आणि समोरचा अनामत मागतोय, तर पैसे पाठवायचे नाहीत. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानं दिलाय. मूळ भाडं म्हणजे ‘काल्टमीटे’. हीटिंग-पाणी धरून होतं ते ‘वार्ममीटे’. जाहिरातीतला आकडा यांतला कुठला ते आधी बघ. विजेचं बिल बऱ्याचदा दोन्हींत नसतं.

आखेनची एक खास खोच आहे. शहराला खेटून नेदरलँड्सचं फाल्स गाव आहे, बसनं सहज जाता येतं. सोलापूरहून विजापूरकडं निघालं की मधेच राज्य बदलतं, तितकंच वाटेल. पण इथं देश बदलतो. जर्मन व्हिसावर तिथं फिरता येतं, बिऱ्हाड करता येत नाही.

खोली मिळाली की पहिल्याच दिवशी खालच्या पत्रपेटीवर आडनाव चिकटव. तिकडच्या पत्त्यात सहसा खोली नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून टपाल टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. आणि बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, कर-क्रमांक, सगळं टपालानंच येतं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं. त्यामुळं वडिलांचंच नाव आडनाव समजून कुणीतरी फॉर्म भरतो आणि दोन कागदांवर दोन माणसं होतात. करार, विमा, बँक, पेटी, सगळीकडं पासपोर्टप्रमाणंच.

पैशाचं गणित असं. श्पेरकोंटोत, म्हणजे व्हिसासाठी उघडलेल्या गोठवलेल्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो अडकवले असले, तरी हातात महिन्याला ९९२च येतात, तेही तिथलं चालू खातं उघडून जोडल्यावर. त्याला काही आठवडे लागू शकतात आणि नेमकी तेव्हाच अनामत, भाडं, विमा एकदम अंगावर येतात. दीड-दोन महिन्यांचा खर्च वेगळा जवळ ठेव. कामाला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस मुभा आहे. पहिल्या सेमिस्टरला ती कमाई हिशेबात धरू नकोस. नोंदीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, घरामागं महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते माफ होत नाही.

राहण्याच्या परवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या आत गेला पाहिजे. भेटीची वेळ मिळत नसली तरी अर्ज लेखी पाठवून पोच जपून ठेव. मुदतीत केलेला अर्ज निकाल लागेपर्यंत राहण्याचा हक्क टिकवतो. उशिरा केलेला टिकवत नाही.

आता थंडी. आपल्याला बेचाळीस डिग्रीची सवय, त्यामुळं खिडकी घट्ट बंद करून खोली तापवणाऱ्या रेडिएटरचा आकडा पाचवर फिरवायचा मोह होणार. पाच म्हणजे खोली लवकर तापते असं नाही. तो आकडा खोली किती तापल्यावर थांबायचं ते सांगतो, आणि तीनवर साधारण वीस डिग्री मिळते. बंद खोलीत भात शिजला, कपडे वाळले, की ती वाफ गार भिंतीवर बसते, कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि खोली सोडताना पैसे अनामतीतून कापले जातात. दिवसातून दोन-तीनदा रेडिएटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं. फटीएवढी दिवसभर उघडी ठेवली तर भिंतच गार पडते. फोडणीही खिडकी उघडून, मंद आचेवर. वसतिगृहाचा धूर-अलार्म मिरचीचा ठसका ओळखत नाही.

राहिली बॅग. दूध-मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच. शेंगाचटणी कोरडी, सीलबंद पाकिटात. कडक भाकरी डब्यात, नाहीतर भुगा पोचेल. कुकर न्यायचा तर इंडक्शनवर चालणारा. आपली दोन गोल पिनांची चार्जर पिन तिथं बसते, तीन पिनांची नाही. सोलापुरी चादर एकच. आई दोन भरेल, तू एक काढ.

शनिवारी संध्याकाळी उतरू नकोस. रविवारी दुकानं बंद, ३ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीलाही बंद. सोमवार-मंगळवारी सकाळचं विमान बघ. आणि घड्याळाचं घरी सांगून ठेव: फरक साडेतीन तासांचा, पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागं नेतात, मग तो साडेचार होतो. नाहीतर आई रोजच्या वेळेला फोन लावेल आणि तू वर्गात असशील.

तुझा,
काका
सोलापूर