अठरा पूर्ण झाली की सही मुलांची: अमेरिकेत कॉलेजला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी

फी तुम्ही भरता, विमा तुमचा, फोनचं बिलही तुमच्याच खात्यातून जातं. तरी रजिस्ट्रारच्या ऑफिसात फोन करून मुलीचे गुण विचारलेत तर ते सांगायला नम्रपणे नकार मिळतो. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४च्या फर्पा कायद्यानं शैक्षणिक नोंदींवरचा हक्क अठराव्या वर्षी आईवडिलांकडून मुलांकडे जातो. मूल सतराचं असतानाच कॉलेजात दाखल झालं, तर तेव्हापासूनच. करविवरणात मूल तुमच्यावर अवलंबून दाखवलेलं असेल तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं, पण देण्याचं बंधन त्याच्यावर नाही आणि बरीच कॉलेजं देत नाहीत. सरळ मार्ग एकच: मुलानं स्वतः संमती द्यायची. बहुतेक कॉलेजांच्या पोर्टलवर त्याची सोय असते. फी आणि बिलं बघण्याची परवानगी वेगळी, गुणांची वेगळी. पहिलीबद्दल आग्रह धरा, दुसरी मुलांवर सोडा.

पासवर्ड मागू नका. मुलाच्या नावानं प्राध्यापकांना ईमेल तर मुळीच लिहू नका. भाषेवरून ते लगेच ओळखू येतं आणि त्याची किंमत मूल मोजतं. दहावी-बारावीला प्रत्येक चाचणीचे गुण विचारायची आपल्या घरांतली सवय इथं उपयोगाची नाही. त्याऐवजी दोन तारखा विचारा. एक, विषय जोडण्या-सोडण्याची मुदत. ही साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत संपते आणि तोवर सोडलेला विषय गुणपत्रिकेवर येतच नाही. दुसरी, विषयातून माघार घेण्याची शेवटची तारीख. ही सत्राच्या मध्यानंतर केव्हातरी असते. त्या तारखेच्या आत माघार घेतली तर गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ लागतो, पण जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या विषयांच्या सरासरीत, तो धरत नाहीत. तारीख उलटली आणि विषय गेला तर ‘एफ’ लागतो, तो जीपीए खाली ओढतो आणि वर्षानुवर्षं सोबत राहतो. ऑरगॅनिक केमिस्ट्री किंवा कॅल्क्युलसमध्ये अडकलेली हुशार मुलं घरी सांगायच्या धास्तीनं नेमकी ही तारीख चुकवतात. म्हणून ऑगस्टमध्ये सामान पोचवतानाच स्पष्ट सांगा: डब्ल्यू घेतलास तर घरात कुणी एक शब्द बोलणार नाही. हे वाक्य उच्चारून सांगावंच लागतं. मुलं ते गृहीत धरत नाहीत.

श्रेयांकांचा (क्रेडिटचा) हिशोबही एकदा एकत्र बसून करा. पूर्णवेळ विद्यार्थी ठरायला सत्राला १२ श्रेयांक पुरतात, पण पदवीला साधारण १२० लागतात. आठ सत्रं १२च घेतले तर ९६ होतात आणि एक वर्ष वाढतं. त्यामुळे सरासरी १५ हवेत. १२वर असलेल्या मुलानं एक विषय सोडला तर तो पूर्णवेळ राहत नाही, आणि त्यावर शिष्यवृत्ती किंवा व्हिसा अवलंबून असू शकतो. विषय सोडण्याआधी सल्लागाराला भेटणं त्यासाठीच.

आता दवाखाना. अठरानंतर मूल बेशुद्ध असलं तरी डॉक्टरांनी तुम्हाला किती सांगायचं हे त्यांच्या विवेकावर जातं, आणि उपचारांचे निर्णय घेण्याचा अधिकार आपोआप तुमच्याकडे राहीलच असं नाही. घर सोडण्याआधी मुलाकडून दोन कागदांवर सही घ्या: वैद्यकीय माहिती देण्याची संमती आणि उपचारांचे निर्णय घेण्यासाठीचं अधिकारपत्र. प्रत्येक राज्याचा नमुना वेगळा. कुठं दोन साक्षीदार लागतात, कुठं नोटरी. कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर दोन्ही राज्यांचे नमुने भरा आणि प्रती फोनमध्ये ठेवा.

तुमच्या विम्यावर मूल सव्वीस वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं. पण योजना एचएमओ, म्हणजे ठरावीक भागातल्या ठरावीक डॉक्टरांपुरती, असेल तर दुसऱ्या राज्यात तातडीच्या उपचारांपलीकडे ती फारशी चालत नाही. हे तपासूनच कॉलेजचा विमा घ्यायचा की नाकारायचा ते ठरवा. अनेक कॉलेजं तो बिलात आपोआप लावतात, आणि नाकारण्याचा अर्ज ठरलेल्या मुदतीत भरला नाही तर काही हजार डॉलर भरावे लागतात. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही: विमा कंपनीकडून उपचारांचा तपशील विमाधारकाच्या, म्हणजे तुमच्या पत्त्यावर येतो. समुपदेशकाकडे गेल्याचं आईबाबांना कळेल म्हणून मुलं जाणंच टाळतात. कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात ठरावीक भेटी बहुधा विनामूल्य असतात आणि त्यासाठी विमा लागत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. ९८८ हा संकटकाळचा क्रमांकही त्यांच्या फोनमध्ये असू द्या.

एच-४वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर, असलेल्या मुलांची बाब सगळ्यांत नाजूक. एच-४वर शिकता येतं, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. पण ग्रंथालयातली तासाभराची नोकरी, प्रयोगशाळेतलं मानधन, उन्हाळ्यातली पगारी इंटर्नशिप, यांतलं काहीही चालत नाही. आणि एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतं, आय-९४ या प्रवेशनोंदीवर राहण्याची पुढची तारीख छापलेली असली तरीही.

तोवर ग्रीन कार्डची पाळी येणार नसेल तर एफ-१कडे वळावं लागतं. कॉलेजकडून आय-२० हे प्रवेशाचं प्रमाणपत्र घ्यायचं, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं ३५० डॉलर शुल्क भरायचं, खर्चाची तरतूद दाखवायची आणि दर्जा बदलण्याचा आय-५३९ अर्ज करायचा. अर्ज वाढदिवसाआधी पोचलाच पाहिजे, आणि मंजुरीही तोवर हातात असलेली बरी. म्हणून तयारी विसावं लागतानाच सुरू करा. सगळ्यांत जास्त घात होतो तो प्रवासात. अर्ज प्रलंबित असताना मूल मामाच्या लग्नाला पुण्याला गेलं तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. मंजुरीनंतर गेलं तरी फक्त इथं राहण्याचा दर्जा बदललेला असतो, पासपोर्टवरचा व्हिसा नव्हे. परत यायला मुंबईच्या वकिलातीत एफ-१चा व्हिसा घ्यावा लागतो, आणि घरच्यांची ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असेल तर ‘परत जाणार का’ हा प्रश्न टोकदार होतो. अशा घरांनी तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं.

ईबी-२, ईबी-३ या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांनी, वाढत्या वयामुळे मूल ग्रीन कार्डला मुकू नये म्हणून केलेल्या २००२च्या सीएसपीए कायद्याखाली मुलाचं वय वकिलाकडून मोजून घ्यावं. आय-१४० हा ग्रीन कार्डसाठीचा मूळ अर्ज जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वयातून वजा होतात. मात्र १५ ऑगस्ट २०२५पासून ही मोजणी ग्रीन कार्डच्या रांगेच्या तारखा देणाऱ्या मासिक व्हिसा बुलेटिनमधल्या अंतिम कारवाईच्या तक्त्यावरून होते, त्यामुळे त्याआधी केलेला हिशोब धरून बसू नका.

एफ-१ झालं की सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम, वर्षभरानंतर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम), पदवीनंतर १२ महिने ओपीटी (शिकलेल्या विषयातली नोकरी) आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी २४ महिने, असे दरवाजे उघडतात. उलट बाजूही बघा: काही राज्यांत एच-४ला राज्यातल्या रहिवाशांची कमी फी मिळते, एफ-१ला नाही. दर्जा बदलण्याआधी कॉलेजच्या रहिवास विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

एच-४ किंवा एफ-१वरच्या मुलांना संघीय अर्थसाहाय्य मिळत नाही. पण धाकटं इथं जन्मलेलं असेल तर आईबाबा एच-१बीवर असले तरी त्याला फाफ्सा हा संघीय अर्थसाहाय्याचा अर्ज भरता येतो, आणि ही संधी आपली अनेक घरं ‘आपण नागरिक नाही’ म्हणून सोडून देतात. आईकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी तिला फाफ्सासाठी लागणारं खातं उघडता येतं. दोघं एकत्र करविवरण भरत असाल तर एकाच पालकाचं खातं पुरतं.