काळोखातील छायाचित्रे आणि मार्तेल

प्रश्न : भूगोलाच्या एका व्याख्यानात फ्रेंच गुहासंशोधक मार्तेल यांचे नाव ऐकले. वीज नसताना ते जमिनीखाली छायाचित्रे कशी काढत? श्रावणात गडावरील गुहेत आम्ही मोबाइलच्या फ्लॅशवर काढलेल्या छायाचित्रांत नुसते पांढरे ठिपके उमटले, म्हणून हा प्रश्न.
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : एदुआर-आल्फ्रेद मार्तेल (1859–1938) हे पेशाने वकील, पण त्यांची ओळख उरली ती आधुनिक गुहाशास्त्राचे जनक म्हणून. जुलै 1889 मध्ये दक्षिण फ्रान्समधील पादिराक येथील सुमारे 75 मीटर खोल विवरात ते दोरशिडीने उतरले आणि तळाशी सापडलेल्या नदीवरून घडीच्या कापडी नावेत बसून पुढे गेले. 1895 मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या गेपिंग गिल या विवरात, अंगावर धबधबा कोसळत असताना, सुमारे 100 मीटर खाली उतरणारे पहिले गृहस्थही तेच.

भुयारात पहिला प्रकाश पाडला तो मात्र इतरांनी. फ्रेंच छायाचित्रकार नादार यांनी 1861 च्या सुमारास पॅरिसच्या भूमिगत अस्थिगृहात बॅटरीवरील विजेच्या दिव्याने छायाचित्रे घेतली. तेव्हा छायाचित्र काचेवर उमटवत, आणि एकेका काचेला इतका वेळ लागे की कामगारांच्या जागी त्यांना पुतळे उभे करावे लागले. मार्तेल यांच्या काळापर्यंत मॅग्नेशियम, म्हणजे झगझगीत पांढऱ्या प्रकाशाने जळणारा धातू, रुळले होते. गडद अंधारात कॅमेऱ्याचे झाकण उघडे ठेवायचे, मॅग्नेशियम पेटवायचे आणि लखलखाट संपताच झाकण लावायचे, अशी ती रीत होती. पण मॅग्नेशियम जळाले की त्याचा पांढरा धूर दालनात भरून राहतो आणि बंदिस्त हवेत तो लवकर विरत नाही. म्हणजे पहिला प्रयत्न फसला, तर दुसऱ्याची आशा फारशी नसे. त्यातच ओलाव्याने भिंगावर बाष्प धरे, आणि काचा तर दोरीवरून सांभाळून उतरवाव्या लागत. या विद्येवर मार्तेल यांनी 1903 मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले. विवरात उतरण्याच्या धाडसापेक्षा ही चिकाटी आम्हांला अधिक मोठी वाटते, कारण वर थांबलेल्यांना खालचे जग दिसले ते तिच्यामुळे.

त्यांच्या कामाचा एक उपयोग अगदी घरगुती म्हणावा असा आहे. 1891 मध्ये एका झऱ्याचे पाणी पिऊन ते आजारी पडले. त्या पाण्याचा माग काढता, वरच्या विवरात टाकलेले मेलेले वासरू सापडले. अशा विवरांत जनावरांची प्रेते टाकण्यास फ्रान्समध्ये 1902 च्या कायद्याने बंदी आली.

आपल्याकडे लवणस्तंभ, म्हणजे गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना साचून झालेले खांब, का दिसत नाहीत, असेही पुष्कळ जण विचारतात. चुनखडी आम्लधर्मी पाण्यात विरघळते, सह्याद्रीचा काळा पाषाण तसा विरघळत नाही. म्हणूनच कार्ले-भाजे येथे माणसाला छिन्नी घ्यावी लागली.

आता तुमचे ठिपके. मोबाइलचा फ्लॅश भिंगाला लागूनच असल्यामुळे हवेतील तुषार आणि धूळ त्याचा प्रकाश थेट भिंगात परत पाठवतात. फ्लॅश बंद करा, मोबाइल दगडावर स्थिर ठेवा, आणि सोबत्याला विजेरी घेऊन चार पावले बाजूला उभे करा. तो चौकटीत दिसला तर बरेच, गुहेच्या उंचीचा अंदाज येईल. छताला वटवाघळे असतील, तर मात्र विजेरी वर रोखू नये.