आईचं 'घाबरं होणं'

"मॅडम, आईला कळतं सगळं, पण ऐकायचंच नाही तिला. नुसता हट्टीपणा." मुलगी खुर्चीत नीट बसायच्या आधीच हे बोलून मोकळी झाली. घरात मधुमेह, बीपी, संधिवात असं कायमचं दुखणं असलं की बहुतेक घरांतून हीच तक्रार माझ्याकडे येते. म्हणून ही हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू 58 वर्षांच्या, निवृत्त अंगणवाडी सेविका. मधुमेहाला 11 वर्षं झालेली. डॉक्टरांनी इन्सुलिन सुचवून वर्ष होत आलं होतं आणि काकूंचं "पुढच्या महिन्यात बघू" चालू होतं. मांडीवर रिपोर्टांची कापडी पिशवी. तिचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

मुलीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि रिपोर्ट पाहिले. उपाशीपोटीची साखर दर वेळी 118, 124 अशी, आटोक्यातली, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) मात्र 9.4 टक्के, म्हणजे बरीच वाढलेली. विचारलं, तर काकू खाली बघत म्हणाल्या, "तपासणीच्या आधी दोन दिवस भात नि गोड बंद करते. नाहीतर डॉक्टर ओरडतात, घरी आल्यावर पोरगी ओरडते."

रिपोर्ट हा त्यांच्या लेखी परीक्षेचा निकाल होता. रक्तातली साखर लाल पेशींना चिकटते, त्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. दोन दिवस पथ्य पाळून तो बदलत नाही. 11 वर्षं रक्त देणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. याचा मला मनापासून त्रास होतो. ज्याला आकड्याचा अर्थ माहीत नाही, त्याच्या हाती आकड्याची फक्त भीती उरते.

"इन्सुलिनचं नाव काढलं की काय होतं, काकू?"

"काही नाही."

"शरीरात कुठे काही जाणवतं?"

बऱ्याच वेळाने हात छातीवर गेला. "इथं धोंडा ठेवल्यागत होतं." मग वडील आले बोलण्यात. त्यांना इन्सुलिन सुरू झालं, चार महिन्यांत पाय कापावा लागला, वर्षाच्या आत ते गेले. इंजेक्शन द्यायचं काम काकूंकडे होतं. "मीच टोचत होते हो," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

त्या दिवशी मी काहीच समजावलं नाही. वडिलांबद्दलच बोललो. पाय इन्सुलिनने जात नाही; साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो, जखम कळत नाही आणि चिघळते, आणि इन्सुलिन पुष्कळदा फार उशिरा येतं. हे मी तिसऱ्या भेटीत सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्यांच्या कानांपर्यंत गेलंच नसतं.

मुलीची आणखी एक तक्रार होती. आई कधीकधी सकाळी अकराच्या सुमारास एकदम भडकते, भांडी आदळते, मग "मला घाबरं होतंय" म्हणून आडवी होते. घरच्यांनी त्याला टेन्शन म्हणून सोडून दिलेलं. दिवस आठवायला लावले, तर बहुतेक गुरुवार, नाहीतर चतुर्थी. उपास, आणि सकाळची साखर उतरवणारी गोळी मात्र नेमाने, रिकाम्या पोटी! हात थरथरणं, दरदरून घाम, धडधड, चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणं, आणि भीतीचीही नेमकी हीच. आतून दोन्ही सारखंच वाटतं. तेव्हा ठरवलं, घाबरं झालं की आधी बोट टोचून साखर बघायची. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची. उपास मोडला तरी देव रागावत नाही, हेही बोललो. आकडा ठीक असेल तर मनात काय चाललं होतं ते वहीत लिहायचं.

मुलीकडे एवढंच मागितलं: आकडा कळल्यावर तुझा पहिला शब्द रागाचा नको. तिला ते सोपं गेलं नाही. तिच्याही रागाखाली भीतीच होती. आजोबांचा पाय तिनेही पाहिला होता.

वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी सकाळची गोळी बदलली, उपासाच्या दिवशी काय करायचं ते लिहून दिलं आणि रात्री एकदा घ्यायचं इन्सुलिन सुरू केलं, पेनने. सुई 4 मिलिमीटरची. काकूंनी ती नखाशेजारी धरून पाहिली. "बाबांची केवढी असायची," म्हणत बोटाचं पेर दाखवलं. पहिलं इंजेक्शन मुलगी देणार होती. काकूंनी पेन तिच्या हातातून काढून घेतलं.

परवा वही घेऊन आल्या होत्या. गोळी बदलण्याआधीच्या एका पानावर, अंगणवाडीच्या वळणदार अक्षरात: "गुरुवार, 10.50. घाबरं. 62. साखरपाणी. 15 मिनिटांनी 94." अलीकडच्या पानावर: "रविवार, दुपार. घाबरं. 148. साखर ठीक आहे. बाबांचा फोटो पुसत होते."